काउंटर एकाऐवजी दोनने का वाढतो? रिक्वेस्ट मोजताना या चुका टाळा

नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) पहिला सर्व्हर लिहिणारा जवळपास प्रत्येकजण यात अडकतो. वर एक काउंटर, प्रत्येक रिक्वेस्टला तो एकने वाढवायचा, बस. पेज एकदा उघडलं, काउंटर २. रिफ्रेश केलं, ४. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. शेवटी कंटाळून हँडलरच्या, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला चालणाऱ्या फंक्शनच्या, पहिल्याच ओळीत मेथड आणि यूआरएल छापली, तेव्हा चोर सापडला: फेविकॉन. टॅबवरचं ते इवलंसं चित्र ब्राउझर न सांगता मागायला येतो आणि आपण त्यालाही मोजतो.

तेव्हापासून मोजणी चुकली की मी आधी लॉग बघतो, कोड नंतर. फ्रंटएंड वेगळ्या डोमेनवर असेल तर खऱ्या पोस्टच्या आधी ब्राउझर ‘पाठवू का?’ असं विचारणारी ऑप्शन्स रिक्वेस्ट पाठवू शकतो. रिअ‍ॅक्टचा स्ट्रिक्ट मोड (चुका पकडून देणारी सेटिंग) चालू असेल तर डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट (कंपोनंट दिसल्यावर चालणारा कोड) मुद्दाम दोनदा चालतो, म्हणजे त्यातली रिक्वेस्टही दोनदा जाते. दोन्हीत सर्व्हरचा दोष नाही.

मोजणी बरेचदा रेट लिमिटसाठी असते: एका ग्राहकाला ठरावीक वेळेत ठरावीकच रिक्वेस्ट. त्यातली पुढची चूक लॅपटॉपवर कधीच दिसत नाही. काउंटर व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि प्रॉडक्शनला त्याच सर्व्हरच्या चार प्रोसेस (प्रती) चालू असतील, तर १०० ची मर्यादा ४०० पर्यंत जाते आणि रीस्टार्ट झाला की पुन्हा शून्य. म्हणून मोजणी रेडिससारख्या (मेमरीत चालणारा झटपट डेटाबेस) सामायिक जागी हवी. पण तिथेही ‘वाचा, एक मिळवा, परत लिहा’ असं करू नका. दोन प्रोसेस एकाच वेळी ९९ वाचतात, दोघीही १०० लिहितात, एक रिक्वेस्ट हवेत विरते. रेडिसची इन्क्र कमांड हे काम एका फटक्यात करते.

आता खरा छळवादी बग. पहिल्या रिक्वेस्टला इन्क्र केलं, पुढच्या ओळीत एक्स्पायर (काउंटर आपोआप पुसला जायची मुदत) लावणार, तेवढ्यात प्रोसेस मेली. त्या कीला (ज्या नावाखाली काउंटर साठवलाय) मुदतच नाही. काउंटर कधी शून्यावर येत नाही, मर्यादा गाठली की तो ग्राहक कायमचा अडकतो. ‘कालपासून लॉगिनच होत नाही’ अशी एकट्यादुकट्याची तक्रार आली तर त्या कीचा टीटीएल (उरलेली मुदत) बघा. -१ आला तर हेच झालंय. दोन्ही कमांड एका लुआ स्क्रिप्टमध्ये घाला, रेडिस ती एका दमात चालवतं.

मिनिटामिनिटाच्या खिडकीलाही (दर मिनिटाला मोजणी नव्याने सुरू) फट असते: १०:००:५९ ला १०० रिक्वेस्ट, १०:०१:०० ला आणखी १००, दोन्ही नियमात. साध्या पेजसाठी मी याकडे काणाडोळा करतो. ओटीपीसाठी मात्र स्लायडिंग विंडोच (दर क्षणी मागचं अख्खं मिनिट मोजणारी) हवी.

मोजायचं कोणाच्या नावावर, हे त्याहून अवघड. लोड बॅलन्सरमागे (येणाऱ्या रिक्वेस्ट अनेक सर्व्हरना वाटणारा) सॉकेटचा, म्हणजे थेट जोडणीचा, आयपी बॅलन्सरचाच दिसतो, म्हणजे सगळं जग एकच ग्राहक. मग कोणीतरी एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमधला (वाटेतले आयपी नोंदवणारा) पहिला आयपी उचलतो. तो तर क्लायंट स्वतःच लिहून पाठवू शकतो! एक्सप्रेसमध्ये (नोडचं वेब फ्रेमवर्क) ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ या सेटिंगला सरसकट ट्रू दिलं तरी तेच होतं, तिथे आपल्या प्रॉक्सींचा (लोड बॅलन्सरसारखे मधले सर्व्हर) खरा आकडा द्या. शिवाय मोबाइल नेटवर्कवर कितीतरी फोन एकाच आयपीमागे असतात. लॉगिन झालेला असेल तर यूजर आयडीवरच मोजा.

नकार देताना ४२९ (‘फार रिक्वेस्ट झाल्या’) हा कोड द्या, सोबत किती वेळाने पुन्हा यायचं ते सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा लिमिट-रिक (रेट लिमिटची सोय) मुळात ५०३ (‘सेवा उपलब्ध नाही’) देतो आणि रात्री कोणीतरी सर्व्हर पडला समजून उठतं.

आणि पेमेंटचं बटण दोनदा दाबलं जाण्यावर रेट लिमिट हा इलाज नाही. बटण डिसेबल करणंही पुरत नाही, कारण नेटवर्क अडखळलं की अ‍ॅपच रिक्वेस्ट पुन्हा पाठवतं. इथे आयडेम्पोटन्सी की (प्रत्येक व्यवहाराची वेगळी ओळख) हवी, डेटाबेसमध्ये तिच्यावर युनिक इंडेक्स (तीच की दुसऱ्यांदा घेऊ न देणारा) हवा आणि दुसऱ्या वेळी पहिलंच उत्तर परत द्यायला हवं. ही की फॉर्म उघडताना बनवा. बटण दाबल्यावर बनवली तर प्रत्येक क्लिकला नवी की मिळते आणि ऑर्डर दोनच्या दोन.