दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ: या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या स्टॉलवर दिवाळी अंक एकमेकांवर चढवून मांडतात. बहुतेक अंकांचा वरचा तिसरा हिस्साच दिसतो. तरीही अंकाचं नाव मध्यावर किंवा तळाशी टाकलेली मुखपृष्ठं दरवर्षी दिसतात. नाव वरच हवं, आणि वर्षानुवर्षं त्याच अक्षरवळणात हवं. कायमचा वाचक नाव अक्षर लावून वाचत नाही, त्याच्या आकारावरून ओळखतो.

चित्र वाचकाच्या ओळखीचं नसणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कापसावरच्या विशेषांकाला इंटरनेटवरचा फोटो घेतला जातो आणि त्यात पानं झडलेली, नुसती बोंडं फुटलेली झाडं असतात. परदेशात यंत्राने वेचणी करण्याआधी फवारणी करून पानं गाळतात, तिथला तो फोटो. आपल्याकडे वेचणी हाताने होते आणि तेव्हा झाडावर पानं असतात. चोपडा-शिरपूरच्या शेतकऱ्याला हे पाहताक्षणी कळतं आणि आतल्या लेखांवरचा त्याचा विश्वासही तिथेच डळमळतो. केळीचंही तेच. मथळा भरघोस उत्पादनाचा आणि फोटोतल्या पानांवर करपा रोगाचे ठिपके, हे रावेर-यावलच्या वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. फोटो निवडल्यावर त्या पिकातल्या माणसाला दाखवाच.

खानदेशची लोकदेवता कानबाई हिच्यावर अंक असेल तर बाजारातलं कुठल्याही देवीचं तयार चित्र चालणार नाही. नारळाला सजवून मांडलेली, नथ ल्यालेली कानबाईच हवी. अहिराणी मथळा असेल तर डीटीपीवाल्याला आधीच बजावून ठेवा, नाहीतर ‘डोया’चा ‘डोळा’ होऊन येतो. शेवटचं प्रूफ अहिराणी बोलणाऱ्यानेच वाचावं.

सगळंच मुखपृष्ठावर

बारा लेखकांची नावं, पाच मथळे आणि कोपऱ्यात जाहिरातदाराचं बोधचिन्ह, अशा गर्दीत नजर कुठेच थांबत नाही. एक मुख्य मथळा, फार तर दोन उपमथळे, बाकी अनुक्रमणिकेत. सराफाच्या जाहिरातीला मलपृष्ठ आहे. तपासायला मुखपृष्ठ मूळ आकारात छापून भिंतीवर लावा आणि सहा फुटांवरून पाहा. मग मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून पाहा, कारण आता अंकाची पहिली भेट व्हॉट्सअ‍ॅपवरच होते. मुख्य मथळा सहा फुटांवरून आणि नाव दोन्हीकडे वाचता आलं पाहिजे.

रफार, वेलांट्या आणि उकार

देवनागरी अक्षराला वर-खाली जागा लागते. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो. दोन ओळींचा मथळा असेल तर ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या सव्वापट ठेवून सुरुवात करा. पानाफुलांच्या गर्दीवर अक्षरं टाकू नका. आकाश किंवा सपाट रंग शोधा. प्रेसला फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्हमध्ये (रेषाचित्रात) बदला, नाहीतर फाँट नसलेल्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात.

छापून आल्यावर कळणारे घोटाळे

*फोटो फुटला:* व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो आकसलेला असतो. १८ × २४ सेंमीच्या अंकाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके), चारही बाजूंचं ३ मिमी ब्लीड (कापणीत जाणारी जादा कड) धरून, साधारण २२०० × २९१० पिक्सेल लागतात. मूळ फाइल ई-मेलने मागवा.

*रंग मळका आला:* फाइल आरजीबीत (पडद्यावरच्या रंगांत) राहिली. ती सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) बदलून मगच रंग ठरवा. केळीच्या पिवळ्यात थोडाही सायन (निळी शाई) शिरला तर तो हिरवट दिसतो. सायन आणि मॅजेंटा (गुलाबी शाई) दोन्ही १०० टक्के घेतले तर निळ्याचा जांभळा होतो. मॅजेंटा ६०-७०वर आणा. सोनेरी रंग चार शाईंतून नीट येत नाही. फॉइल किंवा वेगळी सोनेरी शाई परवडत नसेल तर तो बेत सोडा.

*पांढरी अक्षरं गायब:* पांढऱ्यावर ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) चालू राहिलं. प्लेट काढण्यापूर्वी ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू पाहा.

*कडेची अक्षरं कापली:* ब्लीड हवंच, शिवाय मजकूर कापाच्या रेषेपासून ८ मिमी तरी आत ठेवा.

*कण्यावरचं नाव सरकलं:* कण्याची (अंकाच्या बांधणीच्या कडेची) जाडी अंदाजाने धरली. २०० पानं म्हणजे १०० पत्रं. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदाचं एक पत्र साधारण ०.०९ मिमी, म्हणजे कणा ९ मिमीच्या आसपास. पण कागदागणिक फरक पडतो. त्याच कागदाची कोरी डमी बाइंडरकडून बांधून घ्या, मोजा आणि मगच फाइल पक्की करा.

*मुखपृष्ठ वळलं:* आर्ट कार्डाचे धागे कण्याला समांतर नसतील तर लॅमिनेशननंतर कव्हर उघडंच राहतं. शाई पुरती वाळण्याआधी लॅमिनेशन केलं तर बुडबुडेही येतात. मॅट लॅमिनेशनने रंग जरा उतरतात आणि गडद काळ्या पार्श्वभूमीवर ओरखडे उठतात, त्यामुळे गठ्ठे एसटीने तालुक्यांना जाणार असतील तर ग्लॉस घ्या.