मीटरमागे कोणत्या रंगाचा एलईडी घालाल?

जुन्या गाडीच्या मीटरमधले पिवळट बल्ब काढून एलईडी बसवायचे असतील, तर रंग ठरवण्याआधी मीटर उघडून बघा. कित्येक गाड्यांत बल्बवर हिरवी किंवा निळी रबरी टोपी असते, नाहीतर तबकडीच्या पाठीमागे रंगीत थर छापलेला असतो. हिरव्या थरामागे लाल एलईडी घातला तर मीटर जवळजवळ काळंच दिसतं, कारण लाल एलईडीत हिरवा प्रकाश नसतोच. टोपी काढता येते, छापलेला थर नाही. तिथे थराच्याच रंगाचा नाहीतर पांढरा एलईडी घ्या.

रात्री घाटात गाडी चालवणाऱ्याने निळा टाळावाच, असं माझं ठाम मत आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो फार खुपतो. शिवाय निळ्या मीटरमध्ये हाय बीमची निळी खूण हरवते, आणि लाल मीटरमध्ये ऑइलचा लाल इशारा. म्हणून अंबर, म्हणजे केशरट पिवळा. दिसतोही किती छान!

बॅटरीच्या खुणेचा बल्ब मात्र आहे तसाच ठेवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) सुरुवातीला लागणारा करंट त्याच बल्बमधून जातो. एलईडी घातला तर कधी कधी चार्जिंगच सुरू होत नाही.

एखादा एलईडी पेटला नाही तर खराब समजून फेकू नका, बहुधा उलटा बसलेला असतो. काढून फिरवून लावा. सगळे पेटल्याचं बघितल्याशिवाय मीटरचे स्क्रू आवळू नका.