कासवांची घरटी राखताना : कोकण किनाऱ्यावरील हंगामी कामाची पद्धत

कोकणच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारणपणे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात आणि उशिराच्या घरट्यांतली पिल्ले मे महिन्यापर्यंत बाहेर पडत राहतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखण्याचे काम सुरू केले. आज किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कासवमित्र वन विभागाच्या देखरेखीखाली ते करतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या कासवांचा समावेश असल्याने परवानगीवाचून अंड्यांना हात लावणे हा गुन्हा आहे. म्हणून नव्याने येणाऱ्याने आधी वनरक्षकाला आणि गावच्या कासवमित्राला भेटावे व एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखालीच काम करावे.

गस्त रात्री आणि पुन्हा पहाटे उजाडण्यापूर्वी घालावी. उशीर झाला की भरतीचे पाणी, गुरे किंवा फिरायला आलेली माणसे माग पुसून टाकतात, आणि त्याआधीच कुत्र्यांना किंवा कोल्ह्यांना अंड्यांचा वास लागलेला असतो. मादी वर चढताना दिसली तर बॅटरी विझवून जागीच थांबावे, कारण खड्डा खणून होण्याआधी ती बुजली तर अंडी न घालताच परत फिरते. तिचा माग सुमारे अडीच फूट रुंद असतो आणि दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांचे (वल्ह्यासारख्या चपट्या पायांचे) ठसे समोरासमोर न पडता एकाआड एक पडतात. जाण्याचा आणि येण्याचा असे दोन माग जिथे मिळतात तिथे वाळू विस्कटलेली, थापटलेली दिसली तर घरटे असण्याची शक्यता मोठी. वाळू जागच्या जागी असेल तर मादी नुसतीच फेरी मारून गेली असे समजावे. मादीच्या वल्ह्यावर धातूचा टॅग असेल तर ती समुद्राकडे वळल्यावर त्याचा क्रमांक नोंदवावा. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली, ती अशाच क्रमांकावरून ओळखू आली.

घरटे सापडले म्हणजे अंडी हलवलीच पाहिजेत असे नाही, आणि माझ्या मते उत्साहाच्या भरात सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होते. घरटे उधाणाच्या रेषेच्या वर असेल आणि तिथे राखण ठेवता येत असेल तर भोवती जाळी लावून ते जागीच राखणे उत्तम. पाणी चढण्याचा किंवा कुत्र्यांचा धोका स्पष्ट असेल तेव्हाच अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच कुंपण घालून केलेल्या उबवणी-जागेत, न्यावीत, तीही शक्य तितक्या लवकर, कारण काही तासांतच अंड्यातला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटू लागतो आणि त्यानंतर अंडे फिरले किंवा हादरले तर तो मरतो. हाताला मलम किंवा डास पळवण्याचे औषध लागलेले नसावे. वाळू बोटांनीच उकरावी. फावडे वापरू नये. अंडे ज्या स्थितीत हाती येईल त्याच स्थितीत, वरची बाजू वरच ठेवून, तळाशी घरट्यातली ओली वाळू पसरलेल्या बादलीत ठेवावे. शंभर-सव्वाशे मऊ कवचाची अंडी एकेक करून उचलायला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. बादली हातात धरून, वरून झाकून, पायीच न्यावी.

हॅचरी भरतीरेषेच्या वर, जिथे पूर्वीच्या हंगामातली घरटी नव्हती अशा वाळूत करावी, कारण जुन्या कवचांच्या अवशेषांमुळे बुरशी धरते. कुंपणाची जाळी जमिनीतही पुरावी, नाहीतर कुत्री खालून उकरतात. घरट्याचा खड्डा मादीने खणलेल्या खड्ड्यासारखाच असावा : सुमारे दीड फूट खोल, मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. अंडी ठेवून झाली की आधी ओली आणि मग कोरडी वाळू भरावी, पण ती पायाने दाबू नये. प्रत्येक घरट्यावर तारीख, मूळ जागा आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावावी. पिल्ले नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते आणि जास्त उष्णतेत माद्या अधिक होतात. वाळू फारच तापली तर पिल्ले आतच मरतात, म्हणून मार्चनंतर वर सावलीची जाळी बांधावी.

पिल्ले साधारण ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. चाळीस दिवस उलटले की घरट्यावर बांबूची टोपली पालथी घालावी आणि ती वारंवार उचलून पाहावी, कारण टोपलीखाली अडकलेले पिल्लू उन्हात फार वेळ तग धरत नाही. पिल्ले पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास, पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडून स्वतःच्या पायांनी जाऊ द्यावीत. पाहुण्यांना दोरीमागे उभे करावे. कासव महोत्सवात गर्दी होते तेव्हा फोटोसाठी पिल्लू हातात मागणाऱ्याला नम्रपणे पण ठाम नकार देणे हेही कासवमित्राचेच काम आहे. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, त्यामुळे जवळच्या हॉटेलांचे समुद्राकडचे दिवे त्या वेळी बंद करायला सांगावे आणि मोबाईलचा फ्लॅश अजिबात चालू देऊ नये.

पहिली पिल्ले बाहेर पडल्यावर तीनेक दिवसांनी घरटे हाताने उकरून रिकामी कवचे, न फुटलेली अंडी आणि मेलेली पिल्ले वेगवेगळी मोजावीत. अडकलेले जिवंत पिल्लू मिळाले तर तेही त्याच संध्याकाळी सोडावे. हे आकडे तिथेच वहीत उतरवून वन विभागाकडे द्यावेत, आणि पाऊस सुरू होण्याआधी जाळी, बांबू व पाट्या काढून घेऊन पुळण मोकळी करावी.