छपाईची स्क्रीन धुताना थिनरकडे हात जाण्याआधी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कोंदट गाळ्यात प्रत्येक स्क्रीनला, म्हणजे छपाईची जाळी ताणलेल्या चौकटीला, थिनर चोळू नका. त्यात बहुधा टोल्युइन असतं. वाफेने डोकं गरगरतं आणि ठिणगीचं भय वेगळंच. आधी शाई बघा. पाण्याची शाई ओली असतानाच साध्या पाण्याने निघते. प्लास्टिसॉलला, म्हणजे प्लास्टिकच्या शाईला, मिनरल टर्पेंटाइन पुरतं. शाई पूर्ण निघाली की मगच इमल्शन (जाळीवर डिझाइन धरणारा थर) काढायला सोडियम मेटापिरियोडेटचं द्रावण दोन्ही बाजूंनी लावा आणि जोरदार फवारा मारा. ते जाळीवर वाळू मात्र देऊ नका, अगदी फोन आला तरी! वाळलं की इमल्शन असं घट्ट बसतं की जाळीच बदलावी लागते. इमल्शन काढायला ब्लीच स्वस्त खरं, पण बाथरूमच्या ॲसिडशी गाठ पडली की क्लोरीन वायू. हातमोजे नायट्राइल रबराचे. बिनलेबलच्या कॅनमधला सुटा माल तर नकोच.