डेलिया लावायचाय? आधी पाऊस जाऊ दे की

मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडं सगळ्यांना काही ना काही लावायची घाई, त्याच घाईत मी पहिल्या वर्षी डेलियाचे कंद जूनमध्येच पुरले, आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, आठ-आठ दिवस उघडीप नाही, महिन्यानं उकरून बघितलं तर सडक्या बटाट्यासारखा लगदा, वास तर विचारूच नका. तेव्हा गणपती जाऊ देत, पाऊस ओसरला की ऑक्टोबरात लावा, खानापूरकडच्यांनी तर दसरा झाल्यावरच. थंडीत मस्त फुलतो.

कंद घेताना जाड बघून भुलू नका. दिसतो रताळ्यासारखा पण रताळ्यासारखा कुठूनही फुटत नाही, कोंब येतो तो मानेपाशी, जुन्या देठाला चिकटून, तिथं ज्वारीच्या दाण्याएवढा फुगीर डोळा असतो. मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी फुकट, मी असले तीन आणलेत नर्सरीतून, अजून बघतोय वाट!

जागा ५-६ तास उन्हाची. आपली लाल माती पाणी धरून चिकट होते म्हणून त्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू घाला, वाफा जरा उंच करा. कंद आडवा, डोळा वर, त्यावर ४ इंच माती, दोन झाडांत दीड-दोन फूट. काठी त्याच वेळी रोवा, नंतर रोवलीत तर कंदातच घुसते. आणि कोंब वर येईपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच, माती अगदीच वाळली तर शिंपडा, बस्स.

चार जोड्या पानं झाली की शेंडा खुडायचा. आमच्या आईच्या फार जीवावर येतं, पण खुडल्याशिवाय फांद्या फुटत नाहीत. मोठं फूल पाहिजे तर तीन कळ्यांतली मधली ठेवा, बाजूच्या दोन काढा. युरिया नको, नुसती पानं माजतात. फेब्रुवारीत ऊन वाढलं की पानांखाली लाल कोळी येतो, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, खालून पाण्याचा फवारा मारत राहा.

झाड वाळलं की बुडाशी अर्धी वीत देठ ठेवून कापा, कंद हलक्या हातानं काढा आणि कोरड्या वाळूत सावलीला ठेवा. रंग मात्र लगेच लिहा, मी मार्करनं थेट कंदावरच लिहितो, चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या तेव्हापासून.