रेसिडेन्सीला जायच्या आधी पणजीत बाहेर बसून रंगवा

परदेशात रेसिडेन्सी, म्हणजे काही काळ तिथे राहून चित्रं काढायची संधी मिळाली आणि रोज उघड्यावर बसून रंगवायचं असेल, तर आधी महिनाभर इथेच सवय करा. सकाळी ७ ला फोंतेन्हास, म्हणजे पणजीची जुन्या रंगीत घरांची वस्ती गाठा, उशीर झाला की सावल्या आखडतात आणि टुरिस्ट नेमके तुमच्या समोरच सेल्फीला उभे. जलरंगासाठी कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या, पातळ असला की पाण्याने पापडासारखा फुगतो. आधी सावल्यांचे आकार पकडा, पिवळ्या भिंती नंतर, ऊन काय थांबत नाही बाबा. आपल्या दमट हवेत वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, सुकेपर्यंत पोई-चहा उरकतो, पण कोरड्या हवेच्या देशात तो बघता बघता सुकतो, तिथे ब्रश मोठा घ्या नि भराभर हात चालवा. आणि हो, तैलरंग वापरणार असाल तर ते पातळ करायचं टर्पेंटाइन विमानात चालत नाही, तिकडेच विकत घ्या.