जंतांची इम्युनॉलॉजी शिकायचीय? आधी जंत हातात घ्या

नांदेड, लातूर, परभणीकडची एमएस्सी झूलॉजीची पोरं सारखी विचारायलीत, दादा पॅरासाइट इम्युनॉलॉजीत (शरीर परजीवींशी कसं लढतं त्या अभ्यासात) जायचंय, सुरू कुठून करू, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सायटोकाइनचा (पेशी एकमेकींना धाडतात त्या निरोपाच्या प्रथिनांचा) तक्ता पाठ करत बसू नका, रात्री पाठ अन् सकाळी साफ. त्यापेक्षा खाटकाकडून शेळीचं आतडं आणा, सलाइनच्या ट्रेमध्ये उभं चिरा, नशिबानं मोनिझिया हा फीतकृमी निघाला तर पांढरी चपटी फीत निघतच राहते. ती बघितली की आपोआप प्रश्न पडतो, मॅक्रोफेज ही भक्षक पेशी बॅक्टेरिया गिळते ठीक, पण हे धूड कोण गिळणार? म्हणून आतड्यात शरीराचा मुख्य डाव गिळायचा नसतोच, हाकलायचा असतो.

आता पेशी या क्रमानं घ्या. आतड्याच्या अस्तरात टफ्ट सेल असतात, अगदी मोजक्या. दिसायला कशा ते कैक वर्षं माहीत होतं, पण जंत आला की याच आयएल-२५ हे सायटोकाइन सोडतात हे २०१६ ला कळलं. त्यानं आयएलसी२ या जन्मजात प्रतिकाराच्या पेशी जाग्या होतात, आयएल-१३ हे दुसरं सायटोकाइन सोडतात, मागून टीएच२ पेशी (टी सेलचा एक प्रकार) येतात, मग म्यूकस बनवणाऱ्या गॉब्लेट सेल वाढतात, बुळबुळीत म्यूकस सुटतो, आतड्याचे स्नायू जोरात आवळतात आणि जंताला टिकणं अवघड होतं. वरून आयएल-१३ मुळं टफ्ट सेलच वाढतात, म्हणजे परत आयएल-२५, फिरत राहतंय चक्र. हे बहुतेक उंदरावरचं काम बरं का. निपोस्ट्राँगायलस (थोडक्यात निपो) हा जंत धडधाकट उंदीर साधारण दहा दिवसांत बाहेर काढतो, टी सेल नसलेल्याला ते जमत नाही.

इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींवर मात्र सांभाळून बोला. सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) वाढले की जंताचा संशय घेतात ते बरोबर, पण त्यांना वाढवणारं आयएल-५ अडवून इओसिनोफिल वाढू दिले नाहीत तरी उंदीर निपो काढतोच. इंटरव्ह्यूत इथंच पोरं अडकतात राव!

अमीबा, जिआर्डिया एकपेशीय, त्यांचं गणित वेगळं, ते नंतर.

सीएसआयआर नेट परीक्षेला होस्ट-पॅरासाइट आणि इम्यून सिस्टिम दोन्ही युनिट ४ मध्येच आहेत, एकत्र वाचा. आणि लॅबला मेल टाकताना जंत ओळखता येतो, स्टेन करून स्लाइड बनवता येते हे पहिल्याच ओळीत लिहा, बायोटेकवाल्यांना ते सहसा येत नसतं.